त दाबला की कुलूप

“त वरून ताकभात कुणीही ओळखतं. मी समोरच्याने तोंड उघडायच्या आत त्याचं ताक किती आंबट आहे ते सांगतो. नजर घारीची, कान हरणाचे, आणि बुद्धी... बुद्धीला उपमाच सापडलेली नाही.”

ही ओळख आमच्या ह्यांनी स्वतःच स्वतःची करून दिली आहे, तीही मला, लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर. विमा कंपनीच्या जावक विभागात जन्मभर पाकिटांवर शिक्के मारून हे निवृत्त झाले आणि दुसऱ्याच दिवशी दारावर ‘खाजगी गुप्तहेर’ अशी पाटी लागली. आजवर एकच प्रकरण धसाला लागलंय. चोरीला गेलेलं पायपुसणं. ते गच्चीत वाळताना सापडलं, तेव्हा ह्यांनी निष्कर्ष काढला की चोराला पश्चात्ताप झाला आणि त्याने धुऊन परत केलं. चोर मी होते.

मी भाषांतरं करते. मिक्सर, इस्त्री, पाणी तापवायची यंत्रं, यांची माहितीपत्रकं मराठीत आणते. ‘उपकरण ओल्या हातांनी हाताळू नये’ असली शेकडो वाक्यं लिहिली, पण खाली माझं नाव कधी आलं नाही. यंदा पहिल्यांदाच एका प्रकाशकाने कादंबरी दिली. मुखपृष्ठावर माझं नाव येणार होतं! शेवटचं प्रकरण तेवढं राहिलं होतं. ते संध्याकाळपर्यंत पोचलं नाही, तर दुसऱ्या कुणाकडून पुरं करून घेऊ, असं प्रकाशकांनी सकाळी फोनवर सांगितलं. आवाज फार गोड होता. म्हणूनच मी जास्त घाबरले.

कॉम्प्युटर उघडून बसले. कादंबरीतली नायिका नवऱ्याला सोडून निघाली होती. ‘ती’ लिहायला म्हणून त दाबला, आणि कॉम्प्युटरला कुलूप लागलं. पासवर्ड मागायला लागला.

“अगं बाई!” मी ओरडले.

मागच्या आरामखुर्चीत चिंतन करत बसलेले हे ताडकन उठून माझ्याजवळ आले. “कशालाही हात लावू नकोस!”

मी पासवर्ड टाकला. कॉम्प्युटर उघडला. ‘ती’ लिहिलं, तर तेही उमटलं. हे पुन्हा खुर्चीत जाऊन बसले. मी स दाबला, समोरचं सगळं खाली पळालं. काना दिला, तर फायलींची खिडकी उघडली. ग दाबला की सेटिंग्ज हजर. ग ची बाधा माणसांना होते हे मला घरबसल्या माहीत होतं. यंत्राला झालेली मात्र पहिल्यांदाच बघत होते.

ह्यांनी भिंग काढलं, कीबोर्ड उपडा केला आणि आपटला. कागदावर बिस्किटाचा चुरा पडला.

“गुन्हेगार बिस्किटं खातो,” हे म्हणाले. “उभ्याने खातो, आणि बशी घेत नाही.”

“तूच तो,” खिडकीशी मटार सोलत बसलेल्या सासूबाई म्हणाल्या.

“आई, तपासात नात्यागोत्याला जागा नसते.”

“म्हणून तर सांगितलं.”

मी कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, “वहिनी, कीबोर्डवर खाली डाव्या बाजूला चार चौकोनांची कळ आहे ना, ती कुठेतरी दाबून राहतेय. ती दाबलेली असली की प्रत्येक अक्षर म्हणजे शॉर्टकट होतं. कॉम्प्युटरला दुसरा कीबोर्ड कुठे जोडलेला आहे का?”

एवढ्यात ह्यांनी फोन माझ्या हातातून घेतला. “इथे प्रश्न मी विचारतो. काल संध्याकाळी तुम्ही कुठे होतात?”

पलीकडून फोन बंद झाला.

“बघितलंस? पळाला!”

मी चार चौकोनांची कळ वर-खाली करून पाहिली. ती बिचारी मोकळी होती. ह्यांचं म्हणणं, विचार बसूनच होतो. म्हणून हे खुर्चीत बसले. मी ग दाबला आणि सेटिंग्ज पुन्हा उघडल्या.

“तू फार भोळी आहेस,” डोळे मिटून हे म्हणाले. “वाक्य कुणाचं होतं? नवऱ्याला सोडून निघालेल्या बाईचं. ते पुरं होऊ नये असं कुणाला वाटेल? कुणाच्या तरी नवऱ्याला! आणि खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांची बायको गेले काही दिवस माहेरी आहे.”

“अहो, ती बाळंतपणाला गेलीय.”

“असं तो सांगतो.”

हे डॉक्टरांची उलटतपासणी घ्यायला खाली गेले. त्यांनी काय विचारलं ते कळलं नाही, पण डॉक्टरांनी ह्यांना खुर्चीत निजवून तोंड उघडायला लावलं आणि एक दाढ किडल्याचं सांगितलं. तेवढ्या वेळात माझी दोन पानं झाली. नायिका स्टेशनवर पोचली, गाडी आली, तिने मागे वळून पाहिलं...

हे परत आले, गालावर हात ठेवून खुर्चीत बसले. कुलूप!

आता मात्र मला रडू आलं. बाहेर ऊन उतरायला लागलं होतं. सगळा जन्म ओले हात आणि इस्त्र्या करण्यात गेला, आणि नाव छापून यायची वेळ आली तर गाडी फलाटावरच अडकली.

“रडू नकोस,” हे हळूच म्हणाले. तेवढं खरंच मनापासून होतं. मग पुन्हा गुप्तहेर झाले. “मी खाली गेलो की गुन्हेगार गप्प बसतो, आलो की बिथरतो. याचा अर्थ कळतो ना? तो मला घाबरतो!”

“अरे, उठ,” सासूबाई म्हणाल्या.

“आई, मी विचार करतोय.”

“म्हणूनच उठ. मगापासून बघतेय. तू बसलास की हिचं यंत्र बिघडतं, उठलास की चालतं. उठ म्हणते ना!”

हे उठले. सासूबाईंनी मटाराची परात बाजूला ठेवली आणि खुर्चीची गादी उचलली. खाली आमचा जुना, बिनवायरचा कीबोर्ड पसरलेला होता. गादीचं एक टणक बटण बरोबर त्या चार चौकोनांच्या कळीवर येत होतं.

“हा इथे कुणी ठेवला?” ह्यांनी भिंग सरसावलं.

“मी. गादी खचली होती. खाली घालायला काहीतरी सपाट हवं होतं. हा नुसता कपाटावर धूळ खात पडला होता.”

“पण याच्यातल्या बॅटऱ्या...”

“त्या काढायला मी काय मेकॅनिक आहे?”

मी बॅटऱ्या काढल्या. तरीही शेवटचं प्रकरण होईपर्यंत ह्यांना बसायची परवानगी मिळाली नाही. हे भिंतीला टेकून उभे राहिले आणि मधूनमधून पायांची अदलाबदल करत राहिले. गाडी सुटली, नायिका गेली, आणि मी प्रकरण पाठवलं.

दिवे लागले तेव्हा प्रकाशकांचा फोन आला. “पोचलं. झकास झालंय. एक राहिलं, पुस्तक अर्पण कुणाला करायचं?”

मी ह्यांच्याकडे पाहिलं. “लिहा,” म्हटलं, “‘ज्यांच्या उठण्यामुळे हे पुस्तक पूर्ण झालं, त्या माझ्या पतीस.’”

ह्यांचे डोळे भरून आले. मग घसा साफ करून म्हणाले, “उठणं म्हणजे माझं ते पहाटे लवकर उठणं ना गं?”

“हो,” मी म्हणाले.

सासूबाई खाली मान घालून मटार सोलत होत्या. एक दाणा परातीत पडत होता आणि चार बाहेर.