मुंजाजी गुरुजींचे मार्क

ताडकळसच्या मुंजाजी गुरुजींनी छत्तीस वर्षांच्या नोकरीत कुणाला पैकीच्या पैकी मार्क दिले नाहीत आणि स्वतः कधी कुणाच्या मागं राहिले नाहीत. हृदयाचे ठोके बेताल झाल्यापासून ते रक्त पातळ करायची गोळी घेत. परवा चूळ भरताना हिरड्यांतून रक्त आलं, तसं त्यांच्या बायकोनं, सगुणाबाईंनी, त्यांना हाताला धरून परभणीला आणलं. बाई मनातून पार घाबरल्या होत्या.

डॉक्टर मंजुषा गुरुजींचीच विद्यार्थिनी. तिनं एक छापील कागद पुढं ओढला. "गुरुजी, रक्तस्रावाचा धोका किती ते बघू. एकेका गोष्टीला एक मार्क असतो."

मार्क म्हटल्यावर गुरुजी सावरून बसले. "शेजारच्या भुजंगला तीन पडलेत म्हणं. पारावर सांगत फिरायलाय. मला किती पडतेत?"

"वय पासष्टच्या वर, एक. बीपी?"

"हाय. लय हाय."

पट्टा लावून तिनं खात्री केली. "दोन. लिव्हर, किडनीचा त्रास?"

"न्हाई," गुरुजी हळहळले.

"दारू?"

"लिही. रोज घेतो."

"अहो, गळ्यात माळ हाय तुमच्या!" सगुणाबाई किंचाळल्या.

"तू गप बस. किती झाले?"

"तीन. दुखण्याच्या गोळ्या?"

"गुडघ्यासाठी दोन टाईम!"

"चार."

"गेला भुजंग मागं!"

मंजुषानं पेन खाली ठेवलं. "गुरुजी, इथं जेवढे मार्क जास्त, तेवढा धोका जास्त."

गुरुजींचा चेहरा खर्रकन उतरला. "मग दारू खोड. थेंबबी घेत न्हाई मी. गोळ्याबी खोड."

सगुणाबाईंनी त्यांच्या खिशातून गोळ्यांचं पाकीट काढून टेबलावर ठेवलं. "दारूचं खोडा बाई, पर हे खोडू नगा. भुजंगभावजीकडून आणतेत. मला वाटलं, हृदयाच्याच हायेत." बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले.

"ह्यांच्यामुळंच रक्त आलं असणार," मंजुषा म्हणाली. "रक्त पातळ करायची गोळी चालूच ठेवा, ह्या आजपासून बंद. गुडघ्याला मी दुसरं देते." मग तिनं पाकीट उलटून पाहिलं. "भुजंगकाकाचं बघून घेतल्या व्हय? सातवीत मी शेजारणीचं बघून लिहिलं, तवा तुमी काय केलं होतं, गुरुजी?"

गुरुजींनी निमूटपणे उजवा तळहात पुढं केला.