लोहकरे यांचा पसंतीक्रम

सुधाकर लोहकरे यांना वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी संगणक अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला प्रवेश मिळाला, कारण त्यांच्या मुलीचा ऑप्शन फॉर्म त्यांनी भरला होता.

नियम त्याच वर्षी लागू झाला होता आणि माहितीपुस्तिकेत पान सत्तेचाळीसवर स्पष्ट छापलेला होता: ज्या व्यक्तीची पसंती, त्या व्यक्तीस जागा. लोहकरे यांनी माहितीपुस्तिका दोनदा वाचली होती, पण दोन्ही वेळा त्यांचं लक्ष कटऑफच्या तक्त्यांकडे होतं.

ते उदगीरला भूमी अभिलेख कार्यालयात वरिष्ठ लिपिक होते. शेतमोजणीचे अर्ज त्यांच्या टेबलावर येत. कॉलनीत मात्र लोक त्यांना वेगळ्याच कामासाठी ओळखत. बारावीचा निकाल लागला की मुलांचे आईवडील त्यांच्याकडे येऊन बसत. मागच्या पाच वर्षांचे कटऑफ त्यांनी एका रजिस्टरमध्ये शाखेनुसार उतरवून ठेवले होते. "आधी ब्रांच बघायची, मग शहर, मग कॉलेज," ते सांगत. "आवड शेवटी. आवड काय, नंतर लागते." लोक मान डोलवत आणि मुलं रजिस्टरकडे बघत बसत.

त्यांची एकुलती एक मुलगी मैथिली हिला दगडांची आवड होती. कॉलनीत कोणाकडे बोअर पाडायला गाडी आली की ती रिकामी बाटली घेऊन तिथे उभी राहायची. साठ फुटांवर काळी भुकटी, एकशे दहावर विटकरी, दोनशेच्या पुढे राखाडी. प्रत्येक बाटलीवर तिने घरमालकाचं नाव आणि फूट लिहिले होते. बारावीत तिने एकदा वडिलांना सांगितलं, की तिला नांदेडच्या एका कॉलेजात भूशास्त्र शिकायचंय. लोहकरे तेव्हा दाढी करत होते. "भूशास्त्राला स्कोप नाही," ते आरशातून म्हणाले. त्या विषयावर घरात एवढंच बोलणं झालं.

ऑप्शन फॉर्म त्यांनी एका रविवारी जेवणाच्या टेबलावर बसून भरला. चौसष्ट पर्याय, साडेतीन तास. मैथिली शेजारी बसली होती, कारण मोबाइल तिच्या नावावर होता.

"ओटीपी सांग," ते म्हणाले.

तिने सहा आकडे सांगितले. फॉर्म लॉक झाला.

पहिल्याच फेरीत पहिला पर्याय मिळाला. लोहकरे यांनी कार्यालयात पेढे वाटले आणि मैथिलीला घेऊन लातूरच्या सुविधा केंद्रावर पडताळणीला गेले. टेबलामागे हुलसुरे मॅडम होत्या. एरवी त्या रसायनशास्त्र शिकवत. त्या महिन्यात त्यांची ड्यूटी इथे लागली होती.

"पहिला पर्याय कोणी निवडला?" त्यांनी मैथिलीला विचारलं.

"बाबांनी."

"दुसरा?"

"बाबांनी."

मॅडमनी चौसष्टही पर्याय विचारले, कारण तशी सूचना होती. सदतिसावा पर्याय मैथिलीच्या मामांनी फोनवरून सुचवला होता. मॅडमनी मामांचा पूर्ण पत्ता घेऊन त्यांचं नाव प्रतीक्षा यादीत घातलं.

"यात तुझा एकही नाही?"

"ओटीपी माझा होता."

"ओटीपी पसंतीत धरत नाहीत," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी अर्जावरचा मैथिलीचा फोटो हलक्या हाताने सोडवून तिला परत दिला.

लोहकरे पुढे सरकले. "मॅडम, हे सगळं मी तिच्या हितासाठी केलंय."

"असेल ना. पण हिताचा रकाना नाहीये."

"अहो, माझी बारावी ब्याण्णव सालची. छप्पन्न टक्के."

"गुण मुलीचेच धरायचेत. गुण हस्तांतरित होतात, पसंती होत नाही. इथे सही करा. फोटो आणलाय का? नसेल तर खाली काढून मिळेल, पांढऱ्या पार्श्वभूमीवर."

"आणि हिचं काय?"

"तुम्ही जिथे होता ती जागा रिकामी होतेय. निवडणाऱ्याची जागा रिकामी ठेवता येत नाही, दुसऱ्या परिच्छेदात आहे. ती तिथे जाईल."

परतीची एसटी लातूरबाहेर पडली. मग लोहकरे म्हणाले, "तू नुसतं 'मी' म्हणाली असतीस तर काय बिघडलं असतं?"

"कुठल्या पर्यायाला म्हणायचं होतं?" मैथिलीने विचारलं.



त्यांनी तीन अर्ज केले. तिन्हींना एकच उत्तर आलं: आपले म्हणणे रास्त आहे, निकाल कायम ठेवण्यात येत आहे. तोवर कॉलेज सुरू व्हायची तारीख आली. त्यांच्या पत्नी उज्ज्वला यांनी मुलीच्या हॉस्टेलसाठी बादली, गादी आणि फुलाफुलांच्या दोन चादरी आणून ठेवल्या होत्या. ते सगळं त्यांनी नवऱ्याबरोबर बांधून दिलं. वरून गुडघ्यांना लावायचं तेल तेवढं घातलं. "अहो, जेवणाचे हाल करून घेऊ नका," त्या स्टँडवर म्हणाल्या आणि मुलीसाठी जेवढं रडणार होत्या तेवढंच रडल्या.

सोमवारी मैथिली कार्यालयात हजर झाली. उपअधीक्षक खंदारे साहेबांनी तिचं सेवापुस्तक उघडलं, वडिलांच्या नावाखाली तिचं नाव लिहिलं आणि उरलेली पानं तशीच ठेवली.

"निवृत्तीला सात वर्षं आहेत तुमच्या," ते म्हणाले.

"सर, तेव्हा मी पंचवीसची असेन."

"तुमचं वय नाही बघत. जागेचं वय अठ्ठावन्न झालं की झालं."

"मधे पुन्हा कॉलेजला अर्ज करता येईल का?"

"सेवेत असताना पूर्णवेळ शिक्षण नाही. निवृत्त झाल्यावर आमची हरकत नाही."

"मार्क चालतील तेव्हा?"

खंदारे साहेबांनी फाइल चाळली. ते दुष्ट गृहस्थ नव्हते. "सीईटीचे वडिलांनी वापरले. बारावीचे शाबूत आहेत," ते म्हणाले. "जपून ठेवा."

तिने ते लॅमिनेट करून घेतले.

काम तिला महिन्याभरात जमलं. दोन भाऊ यायचे, मधल्या बांधावरून भांडायचे, आणि ती त्यांना अर्जाचा नमुना द्यायची. पन्नाशीची माणसं तिला मॅडम म्हणायची. नकाशांमध्ये प्रत्येक शेताची लांबी होती, रुंदी होती, चारही दिशांचे शेजारी होते. खाली काय आहे याची नोंद कुठेच नव्हती. पहिल्या वर्षी तिला याचा राग यायचा. एकदा एका नकाशाच्या समासात तिने पेन्सिलीने 'एकशे दहा फुटांवर विटकरी' असं लिहिलं. खंदारे साहेबांनी तिला खोडरबर दिलं. पुढे तिने असं काही लिहिलं नाही.

लोहकरे दर रविवारी सकाळी फोन करत. खोलीत चौघं होते, बाकीचे तिघं अठरा वर्षांचे. ती मुलं त्यांना काका म्हणत आणि त्यांच्याकडून परीक्षेचे फॉर्म भरून घेत. पहिल्या सत्रात ते गणितात आणि प्रोग्रॅमिंगमध्ये नापास झाले.

"मला यात रस नाही गं," ते एका रविवारी म्हणाले. "वर्गात बसतो, पण डोक्यात काही शिरत नाही. कळतच नाही आपण इथे कशाला आलोय."

"चार वर्षं कशीतरी काढा बाबा," मैथिली म्हणाली. "नंतर आयुष्यभर आराम आहे."

ती टोमणा मारत नव्हती. अशा वेळी काय म्हणतात ते तिला घरातच शिकायला मिळालं होतं.

मग ते म्हणाले, "तसं मला कारकुनी पण नको होती. मला फोटोग्राफी करायची होती. तात्यांनी फॉर्म आणला, मी सही केली."

तात्या म्हणजे मैथिलीचे आजोबा. ते वारून नऊ वर्षं झाली होती. मैथिलीने दुसऱ्या दिवशी नियम काढून बघितला. तो मागच्या काळाला लागू नव्हता.

तिसऱ्या वर्षापासून कॉलनीतले लोक मैथिलीकडे येऊ लागले. रजिस्टर घरातच होतं आणि नियमाचा अनुभव असलेलं दुसरं घर जवळपास नव्हतं. पाटबंधारे खात्यातल्या भालके बाई आपल्या मुलाला, ओंकारला, घेऊन तिच्या टेबलापाशी आल्या.

"काय करावं, तूच सांग," त्या म्हणाल्या.

मैथिलीने बराच विचार करून ठेवला होता. ओंकारकडे बघून ती म्हणाली, "घरात सांग की मला चार दिवस द्या. ज्या कॉलेजात जायचंय तिथे एकदा जाऊन ये. मागच्या बाकावर बसून एक तास ऐक. तिथल्या मुलांना विचार, सकाळी उठून इथे यावंसं वाटतं का. मग फॉर्म उघड आणि एकटा बसून भर. दहा पर्याय भरलेस तरी चालतील. जिथे जायचं नाही ते नाव लिहू नकोस."

ओंकारने मान हलवली. भालके बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"ते ठीक आहे गं," त्या म्हणाल्या. "पण पडताळणीत यानं काय म्हटलं की पास होईल?"

त्याच पावसाळ्यात लातूरला पडताळणीत काय म्हणायचं याचा क्लास निघाला. पंधरा दिवसांचा. मुलांनी 'हा पर्याय मी निवडला' हे वाक्य नजर न हलवता म्हणायचं आणि कारण विचारलं तर दोन ओळींत द्यायचं. ओंकार त्या क्लासमधून पहिला आला. तो चौसष्ट वेळा 'मी' म्हणाला आणि आईने ठरवलेल्या कॉलेजात रुजू झाला. मैथिलीला त्याने पेढे आणून दिले. कसं चाललंय असं तिने विचारलं, तेव्हा तो क्लासमध्ये शिकवल्यासारखा तिच्या डोळ्यांत बघून म्हणाला, "छान चाललंय."

क्लास वाढले, तशी शासनाने नियमात दुरुस्ती केली. पसंती स्वतःची आहे हे नुसतं सांगून भागेना. त्याला पुरावा जोडावा लागू लागला. पालकांचा विरोध असल्याचं त्यांच्या हस्ताक्षरातलं पत्र हा एकमेव ग्राह्य पुरावा होता.

लोहकरे सहाव्या वर्षी पास झाले. त्यांनी ठिकठिकाणी अर्ज केले. कंपन्या त्यांना नवशिका म्हणून बोलवत आणि वय बघून अनुभव विचारत. अनुभव भूमी अभिलेखचा होता, तो आता मैथिलीच्या नावावर लागला होता. ते घरीच राहू लागले. उज्ज्वलाबाई सकाळी मुलीचा डबा भरत आणि नवऱ्याला भाजी आणायला पाठवत.

पुढच्या वर्षी मे महिन्याच्या अखेरीला मैथिली पंचविसाव्या वर्षी निवृत्त झाली. तिला शाल आणि नारळ मिळाला. खंदारे साहेबांच्या जागी आलेल्या बाईंनी भाषणात म्हटलं, की मॅडमनी आता तब्येतीकडे लक्ष द्यावं. जूनमध्ये तिने नांदेडच्या त्याच कॉलेजात भूशास्त्राचा फॉर्म भरला. पर्याय एकच होता. फक्त पत्र राहिलं होतं.

"माझा कुठे विरोध आहे?" लोहकरे म्हणाले. "उलट मला बरंच वाटेल. तू जा."

"पण विरोध नसेल तर पसंती माझी धरत नाहीत, बाबा."

"मग लिहितो की. त्यात काय."

ते टेबलापाशी बसले. पहिलं कारण त्यांनी मुलीकडे बघत, थोडं हसत लिहिलं: या विषयाला स्कोप नाही. दुसऱ्याला ते थांबले, चष्मा पुसला. तिसऱ्यापासून त्यांचं पेन थांबेना. उज्ज्वलाबाईंनी ठेवलेल्या चहावर साय धरली. त्यांनी कागद उलटा केला आणि मागच्या बाजूवरही लिहिलं. लिहून झाल्यावर घडी घातली, पाकिटात घातली आणि पाकीट चिकटवलं.

"वाचू का?" मैथिलीने विचारलं.

"नुसतं औपचारिक आहे. वाचायचं काय त्यात." त्यांनी पाकीट तिच्या हातात दिलं, पण लगेच सोडलं नाही. "अजून एकदा विचार कर, एवढंच म्हणेन."

नांदेडला प्रवेशाच्या खिडकीवर एक वयस्क कारकून होता. त्याने मैथिलीची लॅमिनेट केलेली गुणपत्रिका उजेडात धरून बघितली, मग पाकीट फोडलं. त्याने पत्र दोन्ही बाजूंनी सावकाश वाचलं आणि त्यावर 'विरोध ग्राह्य' असा शिक्का मारला.

"हल्ली झेरॉक्सच्या दुकानात तयार नमुने मिळतात," तो म्हणाला. "दिवसाला तीसेक परत पाठवतो. हे खरं आहे."

"कशावरून?"

कारकुनाने कागद तिच्याकडे फिरवला आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

मुलगी समजूतदार आहे, तिथे लिहिलं होतं. नीट सांगितलं तर ती अजूनही ऐकेल, अशी माझी खात्री आहे.

"असं खोटं कोणी लिहीत नाही," कारकून म्हणाला.

मैथिलीने ओळ दोनदा वाचली. पत्र परत मिळेल का, असं तिने विचारलं. पत्र कायम फाइलला लागतं, असं त्याने सांगितलं, आणि पावती फाडून दिली. पहिल्या वर्षाचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर होता. तास सुरू होऊन दहा मिनिटं झाली होती. तिने पावती पर्समध्ये ठेवली आणि ती जिना चढू लागली.