मानाचं विमान

"अवो, पण आता कांदा कुठं ठेवू? डोक्यावं?" कुशाबाईनं विचारलं.

प्रश्न सरळ होता. बराखीत कांदा ठेवतात, हे जुन्नर तालुक्यातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. पण कुंडलिकरावांनी त्या सकाळी बराखीची एक बाजू पाडून आत विमान उभं केलं होतं. खेळण्यातलं नव्हे, खरंखुरं. दोन माणसांचं, पांढरं, पुढं पंखा आणि शेपटावर खरवडून काढलेलं आधीच्या मालकाचं नाव. हौस फिटलेल्या कुठल्याशा बिल्डरनं ते विकायला काढलं होतं. ते घेतलं कुणी, तर मोटरसायकलचा स्टँड वर करायचं ज्यांना आजवर एकदाही आठवलं नाही, त्या कुंडलिकरावांनी.

"कांदा काय, कुठंबी ऱ्हाईल," ते म्हणाले. "इमानाला ऊन सोसत न्हाई."

"आन मला सोसतं?"

कुंडलिकरावांनी मिशीवरून हात फिरवला. अडचणीचा प्रश्न आला की हेच करायचं, ही त्यांची जुनी पद्धत.

या सगळ्याच्या मुळाशी रामदास होता. रामदास म्हणजे कुंडलिकरावांचा चुलतभाऊ. पिंपरी पेंढारच्या अलीकडं एक वाडी आहे, तिथं दोघांची घरं समोरासमोर आणि रानं बांधाला बांध लावून. रामदासनं बोअर घेतली की कुंडलिकरावांनी दोन घ्यायच्या, पाणी लागो न लागो. कुंडलिकरावांनी घराला वरचा मजला चढवला की रामदासनं आपल्या गच्चीवर सिमेंटचा गरुड बसवायचा. असं चाललं होतं. मग रामदासनं काळी, उंच, म्हशीएवढी मोटार आणली आणि कुंडलिकरावांचं जेवणावरचं लक्ष उडालं. मोटारीच्या वर काय, याचा त्यांनी बरेच दिवस विचार केला, आणि बिचाऱ्यांनी तो खरोखरच वर बघून केला.

विमानापायी त्यांनी बैल विकले. हरण्या आणि पाखऱ्या. यात्रेतल्या शर्यतीत पळणारी जोडी होती ती. आई लवकर गेल्यामुळं पाखऱ्याला कुशाबाईनं बाटलीनं दूध पाजून वाढवला होता. दलालानं जोडी नेली त्या दिवशी कुशाबाई जेवली नाही. कुंडलिकराव जेवले. पुढच्याच आठवड्यात जोडी समोरच्या गोठ्यात बांधलेली दिसली, कारण दलालाला गिऱ्हाईक शोधायला रस्ता ओलांडण्यापलीकडं काही करावं लागलं नव्हतं.

आता बैल विकले यात एक फार मोठी गोम होती, आणि ती कुंडलिकराव सोडून सगळ्या वाडीला दिसत होती. वाडीच्या यात्रेत देवळाखालच्या चढावर, म्हणजे घाटात, बैलगाडे पळतात. त्यात पहिल्या बारीचा, म्हणजे पहिल्या फेरीचा, मान कुंडलिकरावांच्या घराचा, पणज्यापासूनचा. त्यांचा गाडा वर पोचल्याशिवाय दुसऱ्या कुणाचा गाडा सुटत नाही. आणि दुपारच्या आरतीच्या आत त्यांचा गाडा वर गेला नाही, तर मान घराण्याच्या धाकट्या पातीकडं जातो. धाकटी पाती म्हणजे रामदास.

"बैल न्हाईत तर बारी कशानं मारणार?" यात्रा कमिटीचे म्हातारे प्रमुख भागूआबा यांनी विचारलं.

"इमानानं," कुंडलिकराव म्हणाले. "घाटातनं पळवत न्हेणार, वर उचलणार आन कळसावर फुलं टाकणार. गाडा कसला घिऊन बसलाय, आबा? जग कुठं चाललंय बघा!"

आबांनी बघितलं. जग पारावर बसून तंबाखू मळत होतं.

विमान चालवायला कुशाबाईचा भाचा आदेश आला. यानं कुठंतरी विमान चालवायचं शिक्षण घेतलं होतं. किती घेतलं, हे त्याला विचारलं की तो काळा चष्मा लावायचा. तो म्हणाला, "मामा, आधी परवानगी लागंल." कुंडलिकरावांना परवानगी म्हणजे ग्रामसभा एवढंच माहीत. त्यांनी ग्रामसभा भरवली आणि वाडीच्या हद्दीतलं आभाळ वापरायला हरकत नाही, असा ठराव मांडला. माणसं हात वर करणार, एवढ्यात रामदास उठला.

"माझी हरकत हाय. माझ्या रानावरनं इमान न्यायचं न्हाई."

"आरं, वरनं जाणार ते! तुझ्या टमाट्याला काय धक्का लागतोय?"

"धक्क्याचं काय न्हाई, दादा. बांध खाली असतो तसा वरबी असतो. आज इमान न्हेशील, उंद्या वहिवाट सांगशील."

शहाण्या माणसांची सभा असती तर हशा पिकला असता. पण या वाडीत बांधाच्या हरकतीला आजवर कुणी हसलेलं नव्हतं. दोनचार जाणत्यांनी तर माना हलवल्या. शेवटी ठरलं की विमानानं रामदासचं रान टाळून उडावं. कुंडलिकरावांच्या रानाला तिन्ही बाजूंनी रामदासचंच रान होतं आणि चौथ्या बाजूला विहीर होती. त्यामुळं यात्रेपर्यंत विमान उडालंच नाही.

उडवता येत नाही म्हटल्यावर राहिली निगा. कुंडलिकराव रोज सकाळी विमान अंगणात काढून इंजिन सुरू करायचे. पंख्याच्या वाऱ्यानं कांद्याची टरफलं उडून थेट रामदासच्या ओसरीत जायची, आणि त्याच्या वाळत घातलेल्या चड्ड्या बाभळीवर. एवढ्यावरच कुंडलिकरावांचा दिवस आनंदात जायचा. जुन्नरहून ट्रॅक्टर दुरुस्त करणारा कमरुद्दीन यायचा, तेल बघायचा, चाकात रुतलेले बाभळीचे काटे काढायचा आणि मान हलवायचा.

"कुंडलिकशेठ, ट्रॅक्टर बंद पडला तर माणसाला खाली उतरता येतं," तो म्हणाला. "हे बंद पडलं तर उतरावंच लागतंय. तेवढा इचार करा."

"तुमी नट आवळा, कमरुद्दीनभाई. इचार आमचा आमी करतो."

विचार सोडून बाकी सगळं केलं गेलं. मधल्या काळात कोंबडीनं पायलटच्या सीटवर अंडी घातली. कुशाबाई ती रोज गोळा करायची आणि म्हणायची, "आजून तरी एवढंच उत्पन्न हाय."

यात्रेच्या दिवशी ट्रॅक्टरमागं बांधून विमान घाटाच्या पायथ्याशी आणलं. एवढी गर्दी त्या वाडीनं कधी पाहिली नव्हती. येडगावपासून माणसं आली होती. कुंडलिकरावांनी जाकीट घातलं होतं. चाकाखाली लिंबं ठेवली, नाकावर नारळ फोडला, पंखांना मिरच्या बांधल्या. आदेशनं चष्मा लावला आणि इंजिन सुरू केलं. माईकवर यात्रेचा निवेदक सुनील ओरडला, "मानाची पयली बारी! गाडामालक, आपलं इमानमालक, कुंडलिकराव!"

बारी सुटायच्या आधी बैलांवर भंडारा उधळायचा, ही आपल्याकडची रीत. रीत म्हणजे रीत. कुंडलिकरावांनी तर त्यासाठी पोतंच आणलं होतं. त्यांनी पहिली पसाभर उधळण विमानाच्या नाकावर केली आणि मग सगळ्या गर्दीचे हात पोत्यात गेले.

"मामा, नगा! मामा, इंजिन चालू हाय!" आदेश आतून ओरडत होता.

"चांगभलं!" गर्दी म्हणाली.

हवा आत ओढणारी जी काही भोकं होती, त्यांनी हवेबरोबर सगळी हळद ओढली. इंजिन खोकलं. पिवळा धूर निघाला. आणखी एकदा खोकलं, आणि गप्प झालं. आदेश पिवळाधमक होऊन उतरला. हळद लागलेला एवढा दुःखी नवरदेव कुणी पाहिला नसेल.

कमरुद्दीननं झाकण उघडून आत बोट घातलं आणि कुंडलिकरावांसमोर धरलं. "पिठलं झालंय शेठ. आज काय हे चालायचं न्हाई."

आरतीची तयारी सुरू झाली होती. भागूआबांनी सूर्याकडं बघितलं. पलीकडं रामदास हरण्या-पाखऱ्याला घेऊन उभा होता, अंगावर नवीन झुली, शिंगांना रंग. त्याच्या तोंडावरचं हसू कुंडलिकरावांना इथूनही दिसत होतं. पणज्याचा मान त्यांच्या हातून चालला होता, आणि तो बापानं नाही, आज्यानं नाही, त्यांनी घालवला, असं वाडी पिढ्यान् पिढ्या सांगणार होती.

"ढकला!" ते ओरडले. "वर पोचल्याशी मतलब!"

माणसांनी ढकललं. विमान चार पावलं गेलं आणि घाटाच्या दोन्ही बाजूंच्या कठड्यात पंख अडकले. इतक्या दिवसांत घाटाची रुंदी मोजावी असं कुणाच्याही डोक्यात आलं नव्हतं. जाकिटाचं माप मात्र दोनदा घेतलं होतं.

"पंख काढा," कुंडलिकराव म्हणाले.

"मामा, पंख काढल्यावर उडंल कसं?"

"आदी वर जाऊ दे. उडायचं मागनं बघू."

कमरुद्दीननं पंख काढले. पण चढ बेताचा नव्हता. अर्ध्या माणसांनी ढकलायचं आणि अर्ध्यांनी मोबाइलवर ते टिपायचं, अशी विभागणी झाल्यामुळं विमान पुन्हा मागं येऊ लागलं. तेव्हा बायकांच्या गर्दीतून कुशाबाई उठली. ती कुंडलिकरावांकडं आलीच नाही. सरळ रामदासकडं गेली.

"भावजी, जोडी द्या. मानाची बारी आडलीया. देवाच्या दारात नाय म्हणू नगा."

रामदासचं हसू आणखी रुंद झालं. "न्या की वहिनी! जुंपा! बैल माझे म्हंजी बारी माझी. दादा, आयकलं का?"

"गाडा माझा हाय!" कुंडलिकराव ओरडले.

"ह्यो गाडा व्हय?" रामदास म्हणाला.

कुशाबाईनं कुणाकडंच लक्ष दिलं नाही. पाखऱ्यानं तिचा हात चाटला. ती त्याच्या कानात काहीतरी बोलली आणि तिनं दोन्ही बैल विमानाच्या नाकापुढं आणले. जू बांधायला पुढचा पंखा आडवा येत होता. मग कमरुद्दीननं तोही काढला. आता पंख नव्हते, पंखा नव्हता, इंजिन गप्प होतं आणि पुढं बैल होते. अशा वस्तूला आपल्याकडं पूर्वीपासून गाडा म्हणतात. फक्त तो सुतार करून देतो आणि त्यासाठी बराख पाडावी लागत नाही.

कुशाबाईनं हाळी दिली आणि जोडी सुटली. आदेश मधल्या गडबडीत पुन्हा आत जाऊन बसला होता, हे कुणाच्या लक्षात नव्हतं. "झाली, झाली, झाली!" सुनीलचा आवाज फाटला. धुरळ्यातून पांढरं शेपूट तेवढं दिसत होतं आणि आतून आदेशच्या ओरडण्याचा आवाज येत होता. आरतीची घंटा वाजायच्या आत विमान देवळाच्या पायरीपाशी उभं होतं.

मग भांडण. कुंडलिकराव म्हणाले, वर गेलं ते माझं विमान. रामदास म्हणाला, वर गेले ते माझे बैल. भागूआबांनी दोघांना बोलू दिलं, तंबाखू थुंकून आले आणि म्हणाले, "मान गाड्याचा न्हाई आन बैलाचाबी न्हाई. जो जुंपतो त्याचा. जुंपलं कुणी?"

गर्दीनं कुशाबाईकडं पाहिलं. आबांनी मानाचा फेटा उचलला. कुंडलिकरावांनी फेट्यासाठी मान खाली घातलीच होती. फेटा त्यांच्या डोक्यावरून पुढं गेला आणि कुशाबाईच्या हातात पडला. मान घरातच राहिला, पण घरात कुणाकडं राहिला ते सगळ्या वाडीला कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रामदास दारात उभा. हातात हरण्या-पाखऱ्याचे कासरे, डोळे तांबडे. त्याच्या बैलांनी घाट मारला होता, पण दिवसभर माणसं फोटो काढत होती विमानाबरोबर. पार पाबळवरून आलेल्या पाव्हण्यानं त्याला विचारलं होतं, "इमानवाल्यांचं घर कुठलं वो?" ते विचारताना तो पाव्हणा रामदासच्या काळ्या मोटारीला टेकून उभा होता.

"वहिनी," रामदास म्हणाला, "जोडी घ्या. इमान द्या."

कुंडलिकरावांनी तोंड उघडलं. पण कासरे तोवर कुशाबाईच्या हातात होते.

"न्या भावजी. आंडी तेवढी काढून घेते."

संध्याकाळपर्यंत बराखीत कांदा गेला आणि गोठ्यात बैल गेले. चार दिवसांनी समोरच्या अंगणात कमरुद्दीननं पंख बसवले, भोकं धुतली आणि इंजिन सुरू केलं. आदेश चष्मा लावून तिकडंच चहा पीत होता. टरफलं उडाली ती या वेळी कुंडलिकरावांच्या ओसरीत आली, आणि त्यांचं जाकीट दोरीवरून उडून बाभळीला लागलं.

कुंडलिकराव जेवणावरून उठले. हात न धुता तरातरा बांधावर गेले, कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि सगळ्या शिवाराला ऐकू जाईल असं ओरडले, "रामदास! माझ्या रानावरनं न्यायचं न्हाई, सांगून ठेवतो! बांध वरबी असतो!"