रेणूचं काय करणार?

देगलूरला शंकरप्पांच्या घरी श्रीनाथ मुलगी बघायला आला होता, आणि शिल्पा चहा घेऊन आली तेव्हाच त्याला आवडली होती. थोरल्यांनी दोघांना बोलायला माडीवर पाठवलं. शिल्पानं धीर करून विचारलं, "तुम्हाला काय आवडतं?" आणि नेमका तेव्हाच फोन वाजला. पीएचडीच्या सरांचा! श्रीनाथनं हात वर करून तिला थांबवलं आणि फोन घेतला. कर्म, दुसरं काय!

हे सर मराठीतून विज्ञानाचे कट्टर. कुणी 'मॉलिक्यूल' म्हणालं की फोनच ठेवून द्यायचे. त्यामुळे श्रीनाथ नांदेडच्या प्रयोगशाळेत तीन वर्षं ज्याच्या मागे होता, त्याला रेणू म्हणणं भाग होतं.

"हाव सर, रेणूला अंधारातच ठेवलंय. उजेड सोसत न्हाई ना. संगणकावर सगळं लई स्थिर दिसतंय, पण प्रत्यक्षात हवा लागली की भडका! न्हाई सर, आता रेणूला सोडणं जमायचं न्हाई. जीव अडकलाय."

शिल्पाची आई कमलम्मा चुरमुऱ्यांच्या सुशीलाच्या बशा घेऊन माडीच्या दारात आली होती. ती बशांसकट खाली गेली आणि नवऱ्याला आत बोलावून कुजबुजली, "अय्यो! पोराची रेणू म्हून कुणी हाय. अंधारात ठेवलीय तिला!"

शंकरप्पा माणूस सभ्य. त्यांनी घसा साफ केला आणि श्रीनाथच्या वडिलांना, सिद्रामप्पांना विचारलं, "ते रेणूचं काय हाय म्हणे?"

सिद्रामप्पांची छाती फुगली. मुलाच्या संशोधनाबद्दल आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

"तीन वर्षं झाले, पोरगं रेणूपाशीच पडून राहतंय. सणाला बी घरी येईना."

"अन् तुम्हाला चालतंय?"

"चालतंय म्हंजे? अभिमान हाय! सरकार पैसे देऊन राहिलं त्याला."

"लग्नानंतर तरी बंद होईल?"

"कामून बंद होईल? सूनबाईनं बी हातभार लावावा, असं आमच्या मनात हाय."

आता बोला! शंकरप्पांनी कपाळाला हात लावला आणि "कळवतो" म्हणून पाहुण्यांना वाटेला लावलं. सुशीला आतच राहिला.

उदगीरला घरी परतताना एसटीत बापानं सगळं कौतुकानं सांगितलं, तेव्हा कुठं श्रीनाथला घोटाळा कळला. रविवारी तो काड्या-गोळ्यांनी जोडलेला रेणू पिशवीत घालून एकटाच देगलूरला हजर झाला. शंकरप्पांनी तो उलटासुलटा करून बघितला आणि पोट धरून हसले.

"ही रेणू होय! अवो, मग आधी सांगायचं ना! शिल्पा, ये बाहेर, गैरसमज मिटला बघ."

"माझा झालाच नव्हता, आप्पा," शिल्पा दारातूनच म्हणाली. "बीएस्सीला केमिस्ट्री होती माझी. फोनवरचा रेणू म्हंजे काय, मला माडीवरच कळलं."

"मग बोलली कामून न्हाईस?"

शिल्पानं श्रीनाथकडं पाहिलं. रागानं नाही, हेच वाईट.

"मी यांना एकच गोष्ट इचारली होती. यांनी हात वर केला. फोन संपला, तरी मी काय इचारलं होतं ते यांना आठवलं न्हाई. मलाच नको हाय, आप्पा."

श्रीनाथला आता उत्तर येत होतं. पण आता विचारलं कुणी नव्हतं.

बसस्टँडवर सरांचा फोन आला. "काय रे, रेणू टिकला का?"

"न्हाई सर. तुटलं."

"गणितात तर बसत होतं! चूक कुठं झाली?"

"हात वर केला सर, तिथं."

"कसला हात? बरं, परत करून बघ."

"हे परत करता येत न्हाई, सर," श्रीनाथ म्हणाला, आणि आयुष्यात पहिल्यांदा सरांच्या आधी त्यानं फोन ठेवला.