काठीचं कलम

दौलत काकाजी विचारल्याशिवाय काठी उचलत नसत. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा त्यांच्या वांग्यांच्या वाफ्यात एक दांडगा सांड उभा होता आणि शांतपणे नाश्ता करत होता. काकाजी त्याच्यापासून दोन हात लांब उभे. काठी कुडाला टेकवलेली. आणि हे स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडताहेत, "अवो, काठी उचलू काय?"

आतून सगुणाकाकूंचा आवाज, "उचला ना! मुहूर्त पाहून राहिले काय?"

"कुठवर हाकलू?"

"धुऱ्यापर्यंत! शेताच्या बांधावर!"

"अन् धुऱ्यापाशी तो अडून बसला तं?"

"तं माघारी या अन् मले पुन्हा इचारा!" काकू पीठ भरल्या हातानं बाहेर आल्या. तोवर सांडाचं पोट भरलं होतं. तो आपणहून निघून गेला. काकाजींनी काठी न उचलता समाधानानं मान हलवली आणि मला म्हणाले, "पाह्यलं मास्तर? गरजच पडली नाई." आठ झाडं गेली होती, पण तो मुद्दा त्यांना महत्त्वाचा वाटला नाही.

मी अकोल्याचा. अमरावतीला शाळेत नोकरी लागली तेव्हा त्यांच्या घराची पुढची खोली भाड्यानं घेतली होती. मोर्शीच्या रस्त्याला त्यांची संत्र्यांची बाग, घरामागे भाजीपाला. साठीला टेकलेले, अंगानं काटकुळे, गुडघ्यापर्यंत धोतर आणि कानावर पेन्सिल. शिक्षण चौथीपर्यंत. पण कचेरीसमोर अर्ज लिहिणाऱ्यांच्या शेजारी बसून त्यांनी कायद्याची भाषा अशी उचलली होती की भाजी विकतानाही "सदरहू मेथी" म्हणायचे.

शिवाय ते आमच्या पेठेतल्या आखाड्याचे अध्यक्ष होते. चाळीस तरणे पोरगे रोज तिथे दंड मारायचे, लाठी फिरवायचे. तसा आखाडा वऱ्हाडात गावोगाव असेल. पण ज्याला स्वतःची लेखी घटना आहे आणि त्या घटनेचा निम्मा भाग अध्यक्षाचे हात बांधण्यातच खर्च झाला आहे, असा आखाडा मी दुसरा पाहिला नाही.

लाठ्या एका खोलीत कुलपात. किल्ली अध्यक्षाकडे. पण लाठ्या आखाड्याबाहेर न्यायच्या असतील तर सात पंचांची सभा भरली पाहिजे आणि त्यांतल्या चौघांनी हात वर केले पाहिजेत. आखाड्याच्या दारातच कोणी मारायला आलं तर अध्यक्षानं हुकूम द्यावा, हरकत नाही. मात्र त्याच वेळी पंचांना बोलावणं धाडावं, आणि दिवस मावळायच्या आत पंच हो म्हणाले नाहीत तर लाठ्या परत खोलीत.

माझं अक्षर बरं, म्हणून त्यांनी मला सचिव केलं. पहिल्याच दिवशी मी विचारलं, "काकाजी, आणि आग लागली तर?"

"आग लागली तं बादली उचला. बादलीले कलम नाई."

त्या दिवसांत दिल्लीला देशाची घटना लिहिणं चाललं होतं. संध्याकाळी ओसरीवर मी वर्तमानपत्र वाचायचो आणि काकाजी सुपारी कातरत ऐकायचे. एकदा मसुद्यातलं ते वाक्य आलं, की राष्ट्रपती हा देशाच्या सगळ्या फौजांचा सर्वोच्च सेनापती राहील. अडकित्ता जागच्या जागी थांबला.

"अन् त्याले थांबवनार कोन?"

मी पुढचं वाचलं. हा अधिकार कसा वापरायचा ते कायद्यानं ठरेल.

"पुन्हा वाचा."

तीनदा वाचायला लावलं. कायदा संसद करणार, हे मी सांगितलं. "ठीक हाय," ते म्हणाले, "पन लढाई पुकारायच्या आधी सभेले इचारा, असं सरय लिहिलं काय?" तसं सरळ लिहिलेलं मला कुठे दिसलं नाही. मग अमेरिकेत काय आहे, हे त्यांनी विचारलं. मी सांगितलं, तिथे लढाई पुकारायचा हक्क सभेचा आणि फौज अध्यक्षाच्या हाताखाली. कधीकधी अध्यक्ष आधी फौज पाठवतो आणि मागून विचारतो.

"पाठवून मंग इचारते? हे तं जेवून उठल्यावर 'वाढा' म्हनल्यासारखं झालं!"

दुसऱ्या दिवशी त्यांनी दिल्लीला चार पानी पत्र लिहिलं. मी स्वच्छ अक्षरात उतरवून दिलं. लढाईला सभेची परवानगी हवी. शत्रू दारात आला तर सूट, पण मुदतीची. मुदत संपली की फौज परत. म्हणजे आखाड्याचंच कलम, फक्त लाठ्यांच्या जागी तोफा. उत्तर आलं नाही. काकाजी मात्र रोज पोस्टमनची वाट पाहायचे आणि तो दिसला की उगाच नळावर पाय धुवायला जायचे.

पेठेतले लोक त्यांना हसत. मीही मनातून हसायचो. त्या शनिवारी दुपारी माझं हसणं बंद झालं.

आमच्या आखाड्याचा शिवराम संत्र्यांची गाडी घेऊन मोर्शीकडून येत होता. नाल्यापलीकडच्या पेठेजवळ त्याची गाडी उलटलेली सापडली. बैल मोकळे, संत्री रस्ताभर, जुवावर रक्त, आणि शिवरामचा पत्ता नाही. बाजारात भाजी विकायला बसायच्या जागेवरून त्या पेठेशी आमची महिनाभर धुसफूस चालली होती. मग कोणाला काय सांगावं लागतं? घटकाभरात आखाड्यापुढे शंभर माणूस जमलं.

हणमंता पहिलवान सगळ्यांच्या पुढे. शिवराम त्याचा मावसभाऊ. डोळे लाल झालेले.

"काकाजी, किल्ली द्या."

"सभा," काकाजी म्हणाले.

"माह्या भावाले मारलं त्याईनं! अन् तुमी सभा करून राहिले?"

"मास्तर, वही काढा."

पंच गोळा करायला सुरुवात झाली. एक तिवश्याला गेलेला. एक न्हाव्यापुढे अर्धी दाढी करून बसलेला, तो तसाच साबण लावलेल्या तोंडानं आला. सहा जण झाले. बाहेर आरडाओरडा वाढत होता आणि काकाजी एकेक प्रश्न विचारत होते. मारताना कोणी पाहिलं? कोणीच नाही. पलीकडे जाऊन मारायचं कोणाला? सगळ्यांना? परत कधी यायचं? हणमंता ओरडला, "भेकड हाय हा बुढा!"

काकाजी माझ्याकडे वळून म्हणाले, "लिहा. हणमंतानं अध्यक्षाले भेकड म्हटलं. भ ले मात्रा."

कोणीतरी हसलं. मत घेतलं तेव्हा तीन हात वर गेले, तीन खाली राहिले. चौथा नाही. हणमंतानं अंगणातली पहार उचलली आणि तो कुलपाकडे निघाला. त्याच्यामागे सगळे पोरगे.

काकाजी त्याच्याआधी तिथे पोहोचले आणि दाराला पाठ लावून खाली बसले. मांडी घालून, जेवायला बसावं तसे.

"तोड. पन आधी मले उचलून बाजूले ठेव. तुह्या एका हाताचं काम हाय."

हणमंता उभा राहिला. काकाजींचा आवाज एकदम खाली आला. "बाबू, शिवराम मलेही पोरासारखा हाय. दोघं जन जाऊन पाहून या. रिकाम्या हातानं. एवढं झाल्यावर पुन्हा सभा घेतो, अन् तवा माहाच हात पयला वर जाईन."

शेवटी हणमंतानं पहार खाली टाकली आणि तो स्वतःच निघाला. सोबत साबणाच्या तोंडाचा पंच.

तासाभरानं नाल्याकडून एक बैलगाडी आली. पलीकडच्या पेठेतली. गाडीत डोक्याला पट्टी बांधलेला शिवराम उठून बसलेला आणि त्याला धरून हणमंता. गाडीचा आस मोडला होता, शिवराम जुवावर आदळून बेशुद्ध पडला होता. पलीकडच्याच लोकांनी त्याला उचलून दवाखान्यात नेलं होतं. गाडी हाकणाऱ्या म्हाताऱ्यानं दोन टोपल्या खाली उतरवल्या. रस्त्यावरची संत्री त्यांच्या बायकांनी वेचून, पुसून भरून दिली होती.

हणमंता काकाजींच्या पायांशी वाकला. काकाजींनी त्याला उठवलं आणि म्हणाले, "सभा बरखास्त." मग गाडीवाल्या म्हाताऱ्याला हाताला धरून चहाला घरी घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मला म्हणाले, "मास्तर, चला माह्यासंग." हातात मेथीची जुडी. आम्ही नाला ओलांडला. मला वाटलं, त्या लोकांचे आभार मानायला चाललो आहोत.

वाटेत मी म्हणालो, "काकाजी, काल तुमच्या कलमानं वाचवलं. सुचलं कसं तुम्हाला ते?"

त्यांनी मेथीची जुडी या हातातून त्या हातात घेतली.

"आखाड्याचा पयला अध्यक्ष बी मीच होतो. सव्वीस वर्साचा. तवा कलम नव्हतं. असंच भांडन झालं, पान्यावरून. पोट्टे म्हनाले, जाऊ काय? मी म्हनलो, जा. काशिनाथ नावाचा पोट्टा होता इकडचा. भांडनात नव्हता तो. बैलाले पानी पाजून राहिला होता."

आम्ही एका गल्लीत वळलो.

"कोनाची लाठी लागून तो मेला, ते कोर्टाले समजलं नाई. मी सांगतलं का हुकूम माहा होता. साहेब म्हने, पुरावा नाई. मंग मी त्याच्या मायले जाऊन सांगतलं. सात वर्सं भाजी घेऊन जात राहिलो, तिनं दार उघडलं नाई. आठव्या वर्सी म्हने, भाजी ठेव अन् जाय."

गल्लीच्या टोकाला एक बुटकं घर होतं. ओट्यावर एक म्हातारी बसली होती, तिची नजर जवळजवळ गेलेली. पावलं ऐकून तिनं मान वर केली.

"दौलत, आज कोन हाय संग?"

"मास्तर हाय, माय."

तिनं हातानं चाचपून मेथी घेतली, वास घेतला. "जून हाय," म्हणाली. मग थोड्या वेळानं, "जेवला काय तू?"

तासाभरापूर्वीच काकाजींनी माझ्या शेजारी बसून पिठल्यासोबत दोन भाकरी खाल्ल्या होत्या आणि वर काकूंकडे तिसरी नको म्हणून हात आडवा केला होता.

"नाई, माय."

ती भिंतीला धरून आत गेली. ताटली आणली, त्यात भाकरी आणि चटणी. काकाजी ओट्यावर मांडी घालून जेवायला बसले. सावकाश, एकेक घास. आणि ती समोर बसून, त्यांच्या चावण्याचा आवाज ऐकत राहिली.