सायलेनआबाजींचा लाल दिवा

आमच्या गल्लीत एका घराच्या दारावर लाल दिवा आहे. तो लागला की गल्ली बोलायची थांबते.

हे मी तिखटमीठ लावून सांगत नाही. मलकापूर हे स्टेशनचं आणि बाजाराचं गाव. इथे माणसं समोरासमोर उभी राहूनही एकमेकांना हाका मारतात. तरीही दिवा लागला की भाजीवाला 'मेथी घ्या'तलं 'मे' म्हणून तोंड मिटतो. धुण्याची थापी वरच्या वर राहते. माझं सरकी-ढेपेचं दुकान कोपऱ्यावर आहे आणि माझा आवाज असा, की बायको म्हणते, तुम्हाला फोन कशाला हवा, खिडकी उघडली तरी भागेल. तो मीसुद्धा अशा वेळी गिऱ्हाइकाला भाव बोटांनी सांगतो. दिवा विझला की 'थी घ्या' ऐकू येतं आणि गल्ली पुन्हा चालू होते.

दिव्याचे मालक सुखदेवजी वानखडे. हे नाव फक्त पोस्टमनला ठाऊक. बाकी सगळ्यांचे ते सायलेनआबाजी, त्यांच्या तोंडच्या 'सायलेन्स'चं गल्लीनं केलेलं सायलेन. वय नव्वदीच्या पुढे, अंगानं काडी, गळ्यात सदानकदा एक जुना काळा हेडफोन. कोणाच्याही घरी गेले की आधी छताकडे पाहून एक टाळी वाजवणार, मान तिरपी करून ऐकणार आणि मग सांगणार, "घर घुमते तुमचं. परदे लावा." माझ्या नव्या घराच्या वास्तुशांतीला टाळी वाजवून ते इतके उदास झाले, की आम्हाला वाटलं पाया खचला.

आबाजी जुन्या काळच्या सिनेमात साउंड रेकॉर्डिस्ट होते. ज्या काळात हिरोसुद्धा स्टुडिओत महिन्याच्या पगारावर नोकरीला असायचा आणि सकाळी हजेरी लावायचा, त्या काळात. बाप इथल्या कापसाच्या जिनात कामाला होता. सरकी निघताना जिनाची जी धडधड चालते, तिच्यात हा मुलगा वाढला आणि मुंबईला जाऊन शांततेचा धंदा शिकला. आधी बांबूला माइक बांधून तो नटांच्या डोक्यावर धरायचं काम, मग यंत्राशेजारी बसायचं, मग थेट काचेच्या खोलीतली खुर्ची.

त्या खुर्चीचा दरारा आबाजींच्या तोंडून ऐकावा. तेव्हा आवाज टेपवर नव्हे, फिल्मच्या पट्टीवर उजेडानं छापला जायचा. चुकला की पट्टी वाया, आणि पट्टी यायची विलायतेहून. टेक संपला की डायरेक्टर, हिरो आणि सिगारेट विझवलेला मालक, सगळे काचेच्या खोलीकडे पाहत. आतून 'ओके' आलं तर जीव भांड्यात. 'एन्जी' आलं, म्हणजे नो गुड, की सगळं पहिल्यापासून. "मालक मले पगार देत जाय," आबाजी सांगतात, "पन मी एन्जी म्हनलं की थो बी चूप बसे."

माइक फुलदाणीत लपवलेला असायचा. त्यामुळे हिरो-हिरॉइनना प्रेमाचं काही बोलायचं झालं की दोघं फुलदाणीपाशी जात. "त्याइचं प्रेम एकमेकावर नोहतं बे, झेंडूवर होतं!" हिरॉइनच्या बांगड्यांना आतून सूत गुंडाळायचं. पत्र वाचायचं असलं की कागद आधी ओला करायचा, नाहीतर विरहाच्या ऐन भरात तो पापडासारखा वाजायचा. पाऊस म्हणजे सुपातले वाटाणे. वीज म्हणजे पत्रा. एकदा गल्लीतल्या मुलांना त्यांनी कूलरचा पत्रा हलवून वीज करून दाखवली, तेव्हा समोरच्या काकूंनी गच्चीवरच्या कुरडया उचलल्या.

पण सगळ्यात मोठी गोष्ट कबुतराची. स्टुडिओच्या छपरात कबुतरं फार, आणि त्यांना हाकलायला एक पगारी माणूस. एके दिवशी एका फार मोठ्या हिरॉइनचा सीन होता. नाव आबाजींनी आजवर सांगितलेलं नाही. नवरा मरणाच्या दारात, ती त्याच्या उशाशी, सेटवर टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. बाईंनी अंगकाठीसाठी दोन वेळचं जेवण सोडलेलं. नेमक्या त्या क्षणी त्यांचं पोट गुरगुरलं. फुलदाणी जवळच होती.

"एन्जी!" आबाजी ओरडले. डायरेक्टर धावत आला, काय झालं? बाई कानापर्यंत लाल. सगळा सेट काचेकडे पाहतोय. आबाजी म्हणाले, "कबूतर था, साब."

कबुतरं हाकलणाऱ्याला त्या दिवशी बोलणी बसली. आबाजींनी त्याला संध्याकाळी चहा-भजी खाऊ घातली. दुसऱ्या दिवशी काचेच्या खोलीत पेढ्यांचा पुडा आला, कोणाकडून ते कोणी विचारलं नाही. तेव्हापासून कोणाचा ढेकर असो, उचकी असो की नको तिथे फुटलेला हुंदका, आबाजींचं उत्तर एकच, कबूतर. "मानसाची लाज मानसानं झाकाव," ते म्हणतात. "कबुतराले काय फरक पडते?"

असा माणूस आपल्या गल्लीत राहतो याचं मला खरोखर नवल वाटत आलंय. मंगल कार्यालयात गुरुजी माइक तोंडात घालून मंगलाष्टकं म्हणू लागले की आबाजी पहिल्या रांगेतून उठतात, माइक वीतभर मागे सरकवतात आणि सांगतात, "माइकले खायचं नसते म्हाराज, त्याच्यासंगं बोलायचं असते." पुढाऱ्यांची भाषणं, बँडवाले, नव्या देवळाची घंटा, सगळ्यांना त्यांनी एन्जी ठरवलंय. ओके मात्र गल्लीनं त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

लाल दिवा दोनेक वर्षांपूर्वी लागला. आबाजींनी गल्ली गोळा करून एवढंच सांगितलं, "दिवा लागला की टेक चालू. सायलेन्स पाह्यजे." कसला टेक, हे विचारायची कोणाची छाती झाली नाही. कोणी म्हणालं, मुंबईच्या कंपनीनं त्यांना घरबसल्या काम दिलंय. कोणी म्हणालं, जुन्या सिनेमांचे आवाज दुरुस्त करतायत. घरात त्यांची बायको, गल्लीची आजी, आजारी, अंथरुणाला खिळलेली, आणि तशातही या वयात हा माणूस काम करतो, म्हणून आम्हाला त्यांचा दुप्पट आदर. दिव्याला वेळकाळ नव्हता, दिवसातून केव्हाही लागे. फक्त रेल्वेपुढे इलाज नव्हता. दिवा लागलेला असताना मालगाडी आली तर आबाजी ओट्यावर येऊन ती जाईपर्यंत तिच्याकडे असे पाहत, की इंजिनड्रायव्हरनं पाहिलं असतं तर नोकरी सोडली असती.

घोड्यानं पेंड खाल्ली ती गजूभाऊच्या मुलीच्या हळदीत. गजूभाऊचं घर आबाजींच्या समोरच. डीजे खामगावहून यायचा होता. आदल्या दिवशी गजूभाऊ माझ्या दुकानात आला.

"भाऊ, एक दिवस दिवा नका लावू म्हना त्याइले. पोरगी माही एकुलती एक हाय."

"तू काऊन नाही सांगत?"

"मले भेव लागते ना! एन्जी म्हनलं त मंग?"

मग मी निघालो. दारापाशी पोचलो आणि दिवा लागला. परत फिरावं तर चपला वाजतील. मी त्या हातात घेतल्या, दार लोटलेलंच होतं, आत सरकलो आणि भिंतीला चिकटून उभा राहिलो.

भिंतींना चहूकडून गोधड्या टांगलेल्या. खाटेवर आजी. अर्धांगवायूनं उजवं अंग गेलेलं, डाव्या हाताच्या मुठीत वायरला लोंबणारं एक बटण. लाल दिव्याचं बटण आबाजींच्या हातात नव्हतंच! त्यांच्या हातात बांबू होता, बांबूला माइक, आणि तो आजीच्या ओठांपासून वीतभर धरलेला. कानांना हेडफोन. शेजारी जुनं यंत्र चालू होतं.

आजीचे ओठ हलले. मला काही ऐकू आलं नाही. आबाजींना आलं. त्यांनी बांबू टेकवला आणि चमच्यानं पाणी पाजलं. मग पुन्हा बांबू उचलला. आजीच्या कपाळाला आठ्या पडल्या, मानेची शीर ताठली, जीभ कुठेतरी अडली, आणि नुसता श्वास बाहेर आला. तिनं दमून बटण दाबलं. बाहेरचा दिवा विझला असावा, कारण 'थी घ्या' ऐकू आलं.

"एन्जी," आबाजी तिच्या कपाळावरून हात फिरवत म्हणाले. "पन आज लय जवळ आली होती. उद्या घेऊ." आजी अर्ध्या तोंडानं हसली.

माझ्याकडे त्यांचं लक्ष गेलं तेव्हा चपला अजून माझ्या हातातच होत्या. मी यंत्राकडे बोट केलं. "आबाजी, याच्यात टेप कुठाय?"

"टेप कायले? गेलेल्या मानसाचा आवाज भरून ठेवतेत. हे त हाय ना!" आजीकडे मान करत त्यांनी हेडफोन गळ्यात उतरवला. "हिचा आवाज खाली बसला अन् माहे कान गेले. मधात हा माइक ठेवला."

"तुमचे कान गेले?" मी एवढ्या जोरात ओरडलो की त्यांनासुद्धा ऐकू गेलं.

"गल्लीत नको सांगू. भेव राह्यलं पाह्यजे." मग ते आजीकडे पाहून म्हणाले, "पानी म्हनते, चहा म्हनते, पोराचं नाव घेते. एकच नाही म्हनत. आयकलं काय जी."

आमच्याकडे त्या पिढीच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. लग्न झाल्यापासून आजीनं आबाजींना हाक मारली ती 'आयकलं काय जी' एवढीच.

"थेच माह्यं नाव होतं ना बे," आबाजी म्हणाले. "आबाजी त सारं गाव म्हनते. मुंबईहून दिवाळीले येवो मी. हे म्हने आयकलं काय जी, मी म्हनो हूं, अन् डोकं स्टुडिओत. साऱ्या दुनियेचं आयकत बसलो. आता हिचं आयकाले बसलो, त शब्दच हरपला. डॉक्टर म्हनते येईन त येईन. मनात आलं की हे बटन दाबते. तवा गल्ली चूप पाह्यजे, नाही त मले समजत नाही."

"मग सांगायचं नाही का आम्हाला? आजीसाठी आम्ही गप्प बसलो नसतो?" मी तशाच मोठ्यानं विचारलं.

आबाजी हसले. "बिमार मानसासाठी लोक दोन दिवस चूप बसतेत. शूटिंगसाठी जलमभर."

मला राग यायला हवा होता. आला नाही, कारण बोलणं खरं होतं. या माणसानं शांतता कशी मिळवायची हे एका धंद्यात शिकून घेतलं आणि आयुष्याच्या शेवटी ती सगळी बायकोच्या उशाशी आणून ठेवली. माझे डोळे भरून आले हे सांगायला मला लाज वाटत नाही.

हळदीचं त्यांनीच काढलं. "वाजवा उद्या. लग्नघर हाय. मी हिले सांगतो, बटन नको दाबू."

ही गोष्ट मी कोणालाही सांगितली नाही. फक्त गजूभाऊच्या कानात सांगितली. पण माझं कानातलं बोलणं स्टेशनपर्यंत जातं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डीजे लागला. स्पीकर एवढे, की माझ्या दुकानातल्या ढेपेच्या पोत्यांतून धूळ उडत होती. नवरी पाटावर, अंगभर हळद, बायका नाचतायत, मीही दोन पावलं टाकली. आणि गाणं ऐन रंगात आलं असताना समोरचा लाल दिवा लागला.

डीजेवाल्याला बिचाऱ्याला काय माहीत! गजूभाऊ हात हलवत त्याच्याकडे निघाला, मी निघालो, पण आमच्या आधी नवरीच पाटावरून उठली. हळदीच्या हातांनी तिनं डीजेची वायर खेचली.

अशी शांतता मी या गावात ऐकलेली नाही. नाचणाऱ्यांचे हात वरच राहिले. एका मुलाच्या तोंडात जिलेबी होती, त्यानं ती चावली नाही. स्टेशनकडूनसुद्धा काही आलं नाही. सगळी गल्ली त्या बंद दाराकडे पाहत होती, आणि मला कळलं की स्टुडिओत काचेच्या खोलीकडे माणसं कशी पाहत असतील.

आतून आवाज आला. म्हाताऱ्याचा नव्हे, काचेच्या खोलीतल्या माणसाचा.

"ओके!"

दिवा विझला. तरी कोणी हललं नाही. दार उघडलं आणि आबाजी ओट्यावर आले. हेडफोन अजून कानांवरच, त्याची वायर मागे लोंबत होती.

"थे म्हनते..." ते थांबले. पुन्हा सुरुवात केली. "थे म्हनते, आयकलं काय जी, गानं काऊन बंद केलं त्याइनं? चांगलं वाजून राह्यलं होतं..."

 त्यांच्या घशातून एक आवाज निघाला, त्या शांततेत सगळ्यांना स्वच्छ ऐकू गेला.

डीजेवाला घाबरला. "काय झालं बाबाले?"

मी आयुष्यात पहिल्यांदाच हळू आवाजात बोललो.

"काही नाही बे. कबूतर होतं."