मागून येणारी मंडळी

आमच्या इमारतीतल्या तांबे सिस्टर रोज सकाळी सात माणसांना घेऊन सायकल चालवायला जातात. त्या सातांपैकी एकालाही आजवर कोणी पाहिलेलं नाही.

मी मूळचा गिरगावातला, फणसवाडीचा. आम्हा गिरगावकरांचा सायकलशी संबंध लहानपणी ती भाड्यानं आणून गुडघे फोडून घेण्यापुरता. बाकी सगळा जन्म पायी. पुढे लालबागच्या या टॉवरमध्ये राहायला आलो आणि लिफ्टमुळे पायांचंही काम गेलं. मग एक दिवस रक्तात साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, चाला, नाहीतर सायकल चालवा. चालायला बाहेर पडलो की माझी पावलं वडापावच्या गाडीकडे वळतात, हे बायकोला ठाऊक होतं. मनीषा म्हणाली, "सतराव्या मजल्यावरच्या सिस्टरांचा ग्रुप आहे ना, त्यांच्याबरोबर जा. तुला एकट्याला सोडायची सोय नाही."

मी सिस्टरांना लिफ्टमध्ये गाठलं. परळच्या एका मोठ्या इस्पितळात त्यांनी सगळी नोकरी काढली. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी समोरचा माणूस त्यांना अजून पेशंटच दिसतो. मी ग्रुपचं विचारताच त्यांनी आधी माझी जीभ बघितली, मग खालच्या पापण्या ओढून बघितल्या.

"किती जण असता तुम्ही?" मी विचारलं.

"आठ. तू नववा. उजाडलं की खाली ये. उशीर केलास तर आम्ही थांबत नाही."

दुसऱ्या दिवशी मी खाली गेलो तर सिस्टर एकट्याच उभ्या. अंगात सलवार-कमीज, पायात ड्यूटीवरचे पांढरे कॅनव्हास, गळ्यात शिट्टी. सायकल जुनी, बायकांची, आणि तिला स्कूटरचे दोन आरसे लावलेले.

"बाकीचे?"

"मागून येतायत," असं म्हणून त्यांनी पायडल मारलंसुद्धा.

शिवडी ओलांडून वडाळ्याकडे निघालं की एक वाट लागते. एका अंगाला रेल्वेचं यार्ड, दुसऱ्या अंगाला जुनी मिठागरं आणि खारफुटी. पाण्याचा एक जाडजूड नळ बराच वेळ आपल्याबरोबर चालत असतो. तिथं पक्ष्यांचे आवाज ऐकू येतात आणि आपला स्वतःचा श्वासही. मुंबईत एवढी मोकळी जागा बघून मला वाटलं, हिच्यात काहीतरी भानगड असणार. ती होतीच. एकटादुकटा सायकलवाला दिसला की झुडपाआडून मोटरसायकल निघायची आणि मोबाइल जायचा. वाटेच्या तोंडाशी चहाची टपरी आहे. तिथले चाचा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असतात, "ग्रुप में जाओ, भाई."

त्या वाटेवर शिरल्याबरोबर सिस्टरांनी मान न वळवता खणखणीत आवाजात हाका मारायला सुरुवात केली.

"शालन, चल गं, रेंगाळू नको. थोरात मास्तर, डावीकडून या. परब पैलवान, तुम्ही शेवटी राहा. माने हवालदार, काठी घेतलीय ना?"

मी मागे वळून पाहिलं. मागे नळ होता आणि नळावर एक बगळा.

पहिले चार दिवस मी घाबरून गप्प राहिलो. बाईंचं डोकं फिरलंय असं वाटलं, पण घरी सांगायची सोय नव्हती, कारण मनीषानं मला घरी बसू दिलं नसतं, दुसरी शिक्षा शोधली असती. पाचव्या दिवशी चहा पिताना धीर करून विचारलं, "सिस्टर, हे सगळे कोण?"

"गॅलरीतले," त्या बशीत चहा ओतत म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं. आमचा टॉवर उभा आहे तिथं पूर्वी चाळ होती. सिस्टर तिथंच जन्मल्या, तिथंच वाढल्या. नळ आणि संडास गॅलरीच्या पार दुसऱ्या टोकाला. दिवे गेले की जिन्यात कोण उभं असेल याचा नेम नसे. म्हणून बायका आणि पोरी एकमेकींना सोबतीला हाका मारत मारतच जायच्या.

"आणि कोणी उठलंच नाही तर?"

"तरी मारायची हाक. आई सांगायची, सोबत नसली तरी हाक मारावी. जिन्यातल्याला काय माहीत कोण उठलंय नि कोण झोपलंय." मग बशी खाली ठेवून त्यांनी मला आपलं मुख्य तत्त्व सांगितलं, जे मी नंतर शंभरदा तरी ऐकलं. "एकटं असलं तरी चालतं, दिगंबर. एकटं दिसायचं नाही."

या तत्त्वावर त्यांचा सगळा संसार चालतो. सतराव्या मजल्यावर त्यांच्या दाराबाहेर चपलांचे पाच जोड असतात. त्यात एक पुरुषी बूट आहे, कुठल्याही पैलवानाला सैल होईल असा. दादरच्या फुटपाथवरून मुद्दाम आणलेला, आणि दर रविवारी त्याला पॉलिश होतं. कुरियरवाल्यानं बेल वाजवली की दार उघडण्याआधी सिस्टर आतल्या दिशेनं ओरडतात, "अहो, टॉवेलवर बाहेर येऊ नका, माणूस आलाय." आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना कित्येक वर्षं वाटत होतं की सतराव्या मजल्यावर एक अतिशय लाजाळू गृहस्थ राहतात.

पण त्यांना नुसतं विक्षिप्त म्हणणाऱ्यानं त्या वाटेवर त्यांच्याबरोबर एकदा जाऊन यावं. कानात गाण्यांची बोंडं घालून सायकल चालवणाऱ्या पोरांना त्या शिट्टी मारून थांबवतात आणि बोंडं काढायला लावतात. "मागून काय येतंय ते कान सांगतात. डोळे नंतर." मोबाइल छातीच्या खिशात दिसला की, "हे काय दुकान मांडलंय?" वळणाआधी घंटी, झुडपांपासून हातभर लांब, कोणी रस्ता विचारला तर एक पाय पायडलवर ठेवूनच उत्तर. ही सगळी कवायत त्यांनी माझ्याकडून करून घेतली. कोणत्याही पोलीस चौकीनं शिकवलं नसतं इतकं मी त्या बाईंकडून शिकलो.

आणि हाकांचा गुणही मी डोळ्यांनी पाहिला. एका सकाळी वाटेत मोटरसायकल आडवी लावून दोन तरुण बसले होते. हातात काही नव्हतं, पण बसण्याची तऱ्हा चांगली नव्हती. सिस्टरांनी वेग जराही कमी केला नाही. "माने हवालदार," त्या शांतपणे ओरडल्या, "इकडं या जरा. गाडीचा नंबर लिहून घ्या. पैलवान, तुम्हीपण." त्या दोघांनी आमच्या मागे बघितलं. खरं सांगतो, मीही बघितलं. माने दिसले नाहीत, पण मोटरसायकल सुरू झाल्याचा आवाज आला आणि वाट मोकळी झाली.

"माने खरंच हवालदार होते?" मी नंतर विचारलं.

"होते ना. पोलीस बँडमध्ये. क्लॅरिनेट वाजवायचे."

"आणि परब पैलवान?"

"व्यायामशाळेची किल्ली असायची त्यांच्याकडं. हाक मारताना कुठं अंग दिसतं?"

टपरीवाले चाचा नवीन होते तेव्हा सिस्टरांनी "बाकी लोग आ रहे हैं" म्हटल्यावर त्यांनी खरोखर आठ कटिंग भरून ठेवले होते. सिस्टरांनी दोन प्यायले आणि उरलेले ट्रकवाल्यांत वाटले. तेव्हापासून चाचाही या कटात सामील आहेत. कोणी अनोळखी माणूस टपरीवर रेंगाळला तर ते आपणहून विचारतात, "सिस्टर, हवालदार साब पीछे हैं क्या?"

असं तीन-चार महिने चाललं. साखर उतरली. मग माझा गुडघा दुखायला लागला, मग घरी गणपतीचे पाहुणे, मग ऑफिसात काहीबाही. खरं कारण म्हणजे अंथरूण. दोन महिने मी गेलोच नाही. सिस्टर लिफ्टमध्ये भेटल्या की गुडघा दाबून बघायच्या. का येत नाहीस, असं एकदाही विचारलं नाही.

एका संध्याकाळी फोन आला. "काका, मी प्राजक्ता बोलतेय, पुण्याहून. तांबे सिस्टरांची भाची. तुम्हाला एकच विचारायचंय."

त्या वाटेवर आठवड्यापूर्वी एका मुलाला पाडून त्याची सायकल नेली होती. प्राजक्ताच्या कानावर ते गेलं होतं.

"मावशीला विचारलं तर म्हणते, आमचा ग्रुप आहे. नावं विचारली तर माने, परब, थोरात. काका, मी त्या चाळीत सुट्ट्या काढल्यात. मानेकाका साताऱ्याला गावी खाटेवर आहेत. परब विरारला गेले, शालनमावशी बदलापूरला, मास्तर मुलाकडे नाशिकला. त्या गॅलरीतलं टॉवरमध्ये मावशीशिवाय कोणी उरलेलं नाही. फक्त एक नाव मला नवीन होतं, तुमचं. नंबरही तिनंच दिला. खरं सांगा, तुम्ही रोज असता ना तिच्याबरोबर? ती एकटी जात असेल तर मी रविवारी येते. सायकल कोणाला तरी देऊन टाकते आणि तिला इकडे घेऊन येते. या वेळी तिचं काही ऐकणार नाही."

पोरीचं चुकत नव्हतं. पण सिस्टर पुण्यात कोणाच्या तरी बाल्कनीत कुंड्यांना पाणी घालतायत, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढे काही केल्या उभं राहीना.

"हो," मी म्हटलं. "असतो की."

फोन ठेवला तर मनीषा माझ्याकडे बघत होती. "असतोस?"

"उद्यापासून," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी उठलो, पण सवयीनं उशिराच. सिस्टर निघून गेल्या होत्या. चाकांत हवा भरून मी त्यांच्या मागे सुटलो. टपरीवर चाचांनी हात केला. "सिस्टर अकेली गयी हैं," ते म्हणाले आणि जीभ चावली. "मतलब, सब के साथ."

त्या वाटेवर मी पहिल्यांदाच एकटा शिरलो. सिस्टरांबरोबर असताना ती एवढी लांब कधी वाटली नव्हती. झुडपात कुत्रं हललं तरी मी घंटी वाजवत होतो. शेवटी मी घसा खाकरला आणि हाक मारली, "माने हवालदार, लवकर या." आवाज चिरका निघाला, पण बरं वाटलं.

नळ वळतो तिथं सिस्टर दिसल्या. बऱ्याच पुढे होत्या, वारा समोरून होता, त्यामुळे त्यांचं बोलणं मला ऐकू येत होतं, माझं त्यांच्यापर्यंत जात नव्हतं. हाका चालू होत्या. शालन झाली, मास्तर झाले, पैलवान आणि हवालदार झाले.

"आणि दिगंबर," सिस्टर म्हणाल्या, "गुडघा सांभाळून ये रे. आम्ही थांबलोय."

दोन महिने मी गादीवर लोळत होतो आणि ही बाई रोज मला बरोबर नेत होती.

जोर करून मी अंतर तोडलं आणि ओरडलो, "आलो, सिस्टर."

त्यांनी करकचून ब्रेक दाबले. इतक्या वर्षांत त्यांच्या हाकेला त्या वाटेवर कोणी ओ दिली नव्हती. एक पाय जमिनीवर टेकून त्या तशाच उभ्या राहिल्या. मागे न वळता त्यांनी मला स्कूटरच्या आरशात नीट पाहून घेतलं, मग चष्मा काढून ओढणीनं पुसला.

"एवढ्यानं ओरडू नकोस," त्या म्हणाल्या. "बाकीचे दचकतील."

"प्राजक्ताचा फोन आला होता."

"काय सांगितलंस?"

"रोज असतो म्हटलं."

"खोटं बोललास."

"काल बोललो. आज आलोय ना."

त्यांनी चष्मा चढवला आणि आम्ही निघालो. थोडं पुढे गेल्यावर त्यांनी पुन्हा हाका मारल्या, ओळीनं, शालनपासून माने हवालदारांपर्यंत. तिथं त्या थांबल्या.

"सिस्टर, माझं नाव राहिलं."

"तू आहेस ना," त्या म्हणाल्या आणि वळण आलं म्हणून घंटी वाजवली.